सुगरणींच्या वसाहतीत सलीम अली

तापीकाठच्या शेतांकडे पावसाळ्यात फिरावयास गेले असता झाडांवर लोंबणारी सुगरणीची घरटी आम्हा सुरतकरांच्या नजरेस पडतात. नाव स्त्रीचे, पण विणकर नर! या वसाहतीचा संसार उलगडून दाखविला तो सलीम अली यांनी.

त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. आईबाप लहानपणीच वारल्याने मामांनी सांभाळ केला. छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवून घेण्यास ते मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेत गेले आणि पक्ष्यांचेच होऊन राहिले.

१९३० साली जर्मनीतून शिकून परतले, तो संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. मग पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीम येथे राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास पाहत बसत. नर अर्धे घरटे विणतो. मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तर नर ते पुरे करतो, मादी अंडी उबविते, आणि हा गृहस्थ दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो! तेव्हा घरटी मोजून नरांची संख्या कळावयाची नाही. हंगाम पावसाचाच, कारण तेव्हा विणावयास हिरवी पाती आणि पिलांना किडे मिळतात. दाणे टिपणारा हा पक्षी पिलांना किडे भरवितो, हे ऐकून आमच्या शेतकरी वाचकांचा राग थोडा निवळेल.

हा अभ्यास १९३१ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात आला आणि बेकारीच्या त्या दिवसांनीच त्यांचे नाव झाले. १९८७ साली, नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले.