विश्वाच्या ताळेबंदातील तूट

विश्वाचा ताळेबंद मांडू जाता त्यात प्रचंड तूट येते, हे ज्यांच्या प्रथम ध्यानी आले आणि ज्यांनी ती तूट झाकून न ठेवता कागदावर उतरविली, त्यांत फ्रिट्झ झ्विकी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८९८ साली बल्गेरियातील वार्ना येथे जन्मलेले, स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले आणि झुरिचला शिकलेले हे गृहस्थ १९२५ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आले. पुढील सारे आयुष्य अमेरिकेत गेले, नागरिकत्व मात्र त्यांनी अखेरपर्यंत स्विसच ठेवले.

१९३३ साली एका स्विस नियतकालिकात त्यांनी जर्मन भाषेत लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला, ३० कोटी प्रकाशवर्षांहून अधिक अंतरावर, हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक विशाल समूह आहे. त्यातील मोजक्याच दीर्घिकांचे वेग तेव्हा ठाऊक होते; परंतु तेवढ्यावरूनही झ्विकी यांना दिसून आले की, सेकंदाला हजार किलोमीटर या मानाने धावणाऱ्या या दीर्घिका केव्हाच पांगावयास हव्या होत्या. ज्या अर्थी त्या पांगलेल्या नाहीत त्या अर्थी त्यांना बांधून ठेवणारे द्रव्य तेथे असलेच पाहिजे. आणि ताऱ्यांच्या प्रकाशावरून हिशेबात येणारे द्रव्य तर त्या मानाने नगण्य होते. गरज सुमारे ४०० पटींची निघाली. या न दिसणाऱ्या द्रव्याला त्यांनी कृष्णद्रव्य म्हटले. आकडा फुगलेला होता, कारण विश्वप्रसरणाचा दर त्या काळी आजच्या सुमारे आठपट धरीत असत. पण आकडा चुकला म्हणून तूट खोटी ठरत नाही.

तरीही सुमारे चार दशके या निबंधाची विशेष दखल कोणी घेतली नाही. याचा दोष झ्विकी यांच्या भांडखोर स्वभावाला देण्याची प्रथा आहे. ते सहकाऱ्यांना तुच्छ लेखीत, यात शंका नाही. मात्र महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या ग्रंथालयांसाठी शास्त्रीय ग्रंथ व नियतकालिके गोळा करून पाठविण्याचा खटाटोप करणारेही तेच होते. शिवाय १९३४ साली बाडे यांच्यासह त्यांनी मांडलेली न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पनाही १९६७ मध्ये पल्सार सापडेपर्यंत पडूनच होती. खरी उणीव साधनांची होती, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

ते साधन १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्यालगतच्या तळावरून आकाशात गेले. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, म्हणून उहुरू हा उपग्रह वातावरणाबाहेर पाठविणे भाग होते. त्याने दाखविले की दीर्घिकांच्या समूहांतून क्ष-किरण येतात, आणि तेही एखाद्या बिंदूतून नव्हे, तर सबंध समूहाच्या विस्तारातून. दीर्घिकांमधली पोकळी कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरलेली होती! या वायूचे वस्तुमान समूहातील सर्व ताऱ्यांच्या कित्येक पट भरते. १९७६ साली त्यात लोहाची खूण सापडली. हे लोह अतिनवताऱ्यांच्या स्फोटांतले, आणि अतिनवताऱ्यांचा शोध हा तर झ्विकी यांचा आयुष्यभराचा उद्योग. ते स्वतः मात्र फेब्रुवारी १९७४ मध्ये निवर्तले होते.

या वायूने तुटीचा काही भाग भरून काढला, सगळा नव्हे. उलट, एवढा तप्त वायू निसटून जात नाही याचाच अर्थ त्याला धरून ठेवणारे द्रव्य आणखी आहे. वायू व तारे मिळून एकूण वस्तुमानाचा जेमतेम सहावा हिस्सा होतो. पुढे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाची चंद्रा वेधशाळा १९९९ साली अवकाशात गेली. तिने एकमेकांवर आदळलेल्या दोन समूहांतील वायू टिपला. तो धडकेत मागे रेंगाळला होता. परंतु बहुतांश वस्तुमान त्याला सोडून दीर्घिकांसमवेत पुढे निघून गेल्याचे २००६ मध्ये सिद्ध झाले. न दिसणाऱ्या वस्तुमानाचा तो नकाशा, मागील दीर्घिकांचा प्रकाश गुरुत्वाकर्षणाने किती वाकतो हे मोजून काढलेला होता. दीर्घिकांचा असा भिंगासारखा उपयोग करता येईल, हे झ्विकी यांनीच १९३७ साली सुचविले होते.