मगनवाडीचा हिशेबनीस

माझी पुतणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रकल्प हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलचा. सुटीत वर्ध्याला आली तेव्हा तिने मला सारे समजावून सांगितले. सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन जातो, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. त्यांच्या संयोगातून वीज मिळते आणि मागे उरते ते फक्त पाणी. धूर नाही, काजळी नाही. मी कौतुकाने ऐकत होतो. पण आयुष्य बँकेत गेलेले. जमा कुठून झाली हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. हा हायड्रोजन येतो कुठून, असे मी विचारले आणि मला जे. सी. कुमारप्पा आठवले.

कुमारप्पांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तंजावरला, सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला हिशेबतपासणी शिकून त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला. 1927 साली ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकताना त्यांनी सरकारी जमाखर्च आणि हिंदुस्थानचे दारिद्र्य यांचा संबंध अभ्यासला. तो प्रबंध घेऊन 1929 मध्ये ते साबरमतीला गांधीजींना भेटले आणि सुटाबुटातला हा हिशेबनीस खादीत आला.

1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग संघाला दिली, तीच मगनवाडी. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांवर तिथे प्रयोग चालत, गावोगावचे तरुण शिकायला येत. विद्यापीठाची पाटी नव्हती, पण काम संशोधनाचेच होते. रॉकेलच्या कंदिलाऐवजी गावच्या तेलावर जळणारा मगनदीप तिथेच तयार झाला. खाद्यतेल दाट असते, वातीतून सहज चढत नाही. त्यासाठी दिव्याची रचनाच बदलावी लागली. खटाटोप एवढ्यासाठी, की दिव्यापायी गावाचा पैसा बाहेर जाऊ नये.

बेचाळीसच्या आंदोलनानंतर तुरुंगात असताना त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. त्यातला विचार कोणत्याही खातेदाराला कळेल असा आहे. कोळसा आणि खनिज तेल ही निसर्गाची मुदलाची ठेव. खर्च केली की संपली. वाहते पाणी, वाढणारे झाड हे व्याज, दरसाल येते. मुदलावर जगणारी माणसे शेवटी त्याच मुदलासाठी एकमेकांच्या उरावर बसतात. म्हणून त्यांच्या लेखी इंधनाचा प्रश्न हा युद्ध आणि शांततेचाही प्रश्न होता. गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर ही पदवी दिली होती. ती कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाने मोठ्या कारखान्यांची वाट धरली. मगनदीप मागे पडला. आमच्याच जिल्ह्यातल्या सेलडोहला त्यांनी शेतीचा प्रयोग केला आणि नंतर ते दक्षिणेत गेले. 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. दिव्यावर अभ्यास केलेल्या पिढीला विजेचे मोल कळते. पण त्यांची हिशेबाची रीत खोटी ठरलेली नाही. पुतणीनेच मला सांगितले, की जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळशापासून काढतात. म्हणजे सेल स्वच्छ, पण जमा मुदलातलीच. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाण्यापासून काढला तर मात्र ते व्याज. त्यातही एका किलोला सुमारे पन्नास युनिट वीज आणि किमान नऊ लिटर पाणी लागते. विदर्भात उन्हाची वाण नाही. पाण्याची मात्र आहे. 2023 साली सरकारने हरित हायड्रोजनचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. तेव्हा हा हिशेब आता पोरांनाच मांडायचा आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला मगनवाडी दाखवायला नेले. परतताना ती बराच वेळ गप्प होती. मग तिने वही काढली आणि माझ्याकडून वर्ध्याच्या पावसाची सरासरी कुठे मिळेल ते विचारून घेतले.