निद्रिस्त जंतूंचा शोधक

पावसाळा सरला, की मुंबईच्या उत्तरेकडील गोराईच्या किनाऱ्यावर बांबूंचे मांडव उभे राहतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी कोळी स्त्रिया आडव्या बांबूवर टाकतात. बोंबलाच्या अंगात मांसापेक्षा पाणीच फार. ओला बोंबील एका रात्रीत नासतो; तोच कडक उन्हात वाळला, म्हणजे महिनोन् महिने टिकतो. अर्धवट वाळलेल्या मासळीवर अवकाळी पाऊस पडला, तर मात्र साऱ्या श्रमांची माती होते.

असे का व्हावे? अन्न नासविणाऱ्या जंतूंना तोंड नसते. पाण्यात विरघळलेले अन्नच ते आपल्या अंगाच्या आवरणातून शोषून घेतात. पाणी आटले, की त्यांची वाढ खुंटते. खारविलेली मासळी टिकते, तीही ह्याच कारणाने. मीठ पाणी धरून ठेवते आणि जंतूंच्या वाट्यास येऊ देत नाही.

मग वाळवणाने सारेच जंतू मरतात काय? ह्या प्रश्नाचा उलगडा ज्यांच्या प्रयोगांनी झाला, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट कॉख.

कॉख ह्यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्टाल ह्या खाणींच्या गावी झाला. गॉटिंगेन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८७२ साली ते व्होल्श्टाइन ह्या लहानशा गावी सरकारी डॉक्टर झाले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. दिवसभर रोगी तपासावेत आणि उरलेल्या वेळी घराच्या एका कोपऱ्यात, पडद्याआड, सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून बसावे, असा त्यांचा क्रम असे. ना मोठी प्रयोगशाळा, ना हाताखाली कोणी मदतनीस!

त्या भागात गुरामेंढरांना फाशी नावाचा भयंकर रोग होई. त्या रोगाने मेलेल्या जनावराच्या रक्तात काड्यांसारखे जंतू असतात, हे पूर्वीच ठाऊक झाले होते. कोडे होते ते निराळेच. असे रक्त वाळवून ठेवले, तर कधी ते काही आठवड्यांत निरुपद्रवी होई, तर कधी वर्षे लोटल्यावरही त्याने उंदीर मरे. ज्या कुरणात पूर्वी रोग झाला होता, तेथे पुष्कळ काळाने चरावयास गेलेली मेंढरेही दगावत. मेलेला जंतू पुन्हा जिवंत होतो की काय?

कॉख ह्यांनी बैलाच्या डोळ्यातील स्वच्छ द्रवाचा थेंब घेतला, त्यात रोगट प्लीहेचा कण सोडला आणि तो थेंब खोलगट काचेखाली टांगून त्याला ऊब दिली. मग ते पाहत बसले. काड्या वाढून लांबच लांब धागे झाले, धाग्यांची गुंतवळ झाली. पुढे त्या धाग्यांत मण्यांसारखे चकाकणारे ठिपके उमटले. धागे विरून गेले. मणी तेवढे राहिले. ते वाळवून ठेवले, तरी बिघडत नसत. ताजा द्रव मिळताच मण्यातून पुन्हा काडी बाहेर पडे! हेच जंतूंचे बीजाणू.

आता कोडे सुटले. ताजे रक्त पातळ थरात झटपट वाळले, तर काड्यांना बीजाणू करण्यास अवसरच मिळत नाही आणि त्या थोड्या काळात मरतात. तेच रक्त उबेत, हवेत, दिवस दोन दिवस ओले राहिले, तर बीजाणू तयार होतात. मग वाळवून काय उपयोग? मुलांनो, कोरड्या काळासाठी केलेली ही तजवीज, पण ती करावयासही जंतूंना ओलावाच लागतो, ही मौज पाहा. जनावराच्या बंद शरीरात हवेअभावी बीजाणू होत नाहीत. म्हणूनच फाशीने मेलेले जनावर आजही फाडू देत नाहीत.

१८७६ साली कॉख ह्यांनी ब्रेस्लाउ येथे फेर्डिनांड कोन ह्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञांपुढे हे प्रयोग करून दाखविले. गवताच्या काढ्यातील एका जंतूचे बीजाणू कोन स्वतःही अभ्यासीत होते. त्यांनी आपल्या नियतकालिकात कॉख ह्यांचा निबंध छापला आणि खेड्यातला डॉक्टर विद्वानांत गणला जाऊ लागला.

१८८२ साली कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू शोधला. त्यालाही बीजाणू असतात, असा त्यांचा समज झाला. तो चुकीचा ठरला. १८९० साली त्यांनी क्षयावर जाहीर केलेले औषधही रोग बरा करीना. इतक्या मोठ्या माणसाची अशी चूक पुष्कळांना फार महागात पडली, हे सांगितलेच पाहिजे.

१८८३ च्या अखेरीस ते पटकीच्या शोधात कलकत्त्यास आले. तेथील तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचा वाकडा जंतू सापडला. ओल्या कपड्यावर तो झपाट्याने वाढे, पण वाळताच थोड्या वेळात मरे. कारण तो बीजाणू करीत नाही. त्यामुळे ह्या रोगाचा बंदोबस्त पाण्यापाशीच केला पाहिजे, हे उघड झाले.

१८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले होते. जर्मन प्लेग मंडळाच्या कामासाठी कॉख तेव्हा मुंबईसही येऊन गेले. प्लेगचा जंतूही बीजाणू करीत नाही.

१९०५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.