विश्लेषण : वजीर, दोन हत्ती आणि उंट देऊनही मात कशी? गणिताचे शिक्षक अँडरसन आणि त्यांचा ‘अमर डाव’

मोबाइलवर बुद्धिबळाची कोडी सोडवणाऱ्यांना एक प्रकार नेहमी भेटतो. वजीर समोरच्याला फुकट द्यायचा आणि पुढच्याच चालीत राजाला मात करायची. उत्तर पाहिल्यावर सोपे वाटते, पण आधी सुचत नाही. या प्रकारच्या खेळाचे सर्वात गाजलेले उदाहरण २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये घडले. ते घडवणारे अडॉल्फ अँडरसन पेशाने शाळेतले गणिताचे शिक्षक होते आणि खेळाडू म्हणून नाव होण्याआधी कोडी रचणारे म्हणून ओळखले जात होते. कोण होते अँडरसन, त्या डावात नेमके काय झाले आणि त्यांची आक्रमक शैली पुढे का मागे पडली, याचा हा आढावा.

कोण होते अडॉल्फ अँडरसन?

अँडरसन यांचा जन्म ६ जुलै १८१८ रोजी तेव्हाच्या प्रशियातील ब्रेस्लाउ शहरात झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. वयाच्या नवव्या वर्षी ते बुद्धिबळ शिकले. पुढे त्याच शहरातील शाळेत ते गणित शिकवू लागले आणि ही नोकरी त्यांनी कधी सोडली नाही. त्यांनी लग्न केले नाही. आयुष्याचा मोठा भाग आई आणि बहिणीसोबत साधेपणाने गेला. शाळेला सुट्टी असेल तेव्हाच मोठ्या स्पर्धांसाठी बाहेर पडणे शक्य होई.

१८४२ मध्ये त्यांनी स्वतः रचलेल्या ६० कोड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. ठरावीक चालींत मात करून दाखवा, असे आव्हान देणारी ही कोडी होती. कोडे रचणाऱ्याला उलट्या दिशेने विचार करावा लागतो. राजा शेवटी कोणत्या घरात अडकणार, त्याच्या पळवाटा कोण बंद करणार आणि कोणते मोहरे वाटेतून दूर करावे लागणार, हे आधी ठरते. बाकीची मांडणी नंतर होते. अँडरसन यांच्या प्रत्यक्ष खेळातही हीच सवय उतरली.

लंडनला ते कसे पोहोचले?

१८५१ मध्ये लंडनमध्ये जागतिक औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्याच सुमारास इंग्रज खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांच्या पुढाकाराने पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली. स्पर्धेत १६ खेळाडू होते आणि पद्धत बाद फेरीची होती. शिक्षकाच्या पगारात लंडनचा प्रवास परवडणे कठीण असल्याने अँडरसन आधी तयार नव्हते. बक्षीस मिळाले नाही तर प्रवासखर्च आपण स्वतः देऊ, अशी तयारी स्टाँटन यांनी दाखवली आणि अँडरसन निघाले.

स्टाँटन यांच्यावर हा खर्च करण्याची वेळ आली नाही. अँडरसन यांनी वाटेत खुद्द स्टाँटन यांनाच हरवले आणि अंतिम फेरीत मार्मड्यूक वायव्हिल यांच्यावर मात करून स्पर्धा जिंकली. जगज्जेतेपदाचा अधिकृत किताब तेव्हा अस्तित्वात नव्हता. तरीही या विजयानंतर युरोपातील आघाडीचा खेळाडू म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाऊ लागले.

‘अमर डाव’ म्हणजे काय?

हा डाव स्पर्धेतला नव्हता. स्पर्धेच्या काळात लंडनमध्ये मोकळ्या वेळेत खेळलेला तो एक मैत्रीपूर्ण डाव होता. समोर लिओनेल किझरित्स्की होते. पॅरिसमध्ये बुद्धिबळ शिकवून उपजीविका करणारे हे नामवंत खेळाडू स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत अँडरसन यांच्याकडून हरले होते.

पांढरी मोहरी घेऊन खेळणाऱ्या अँडरसन यांनी या डावात एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला. त्या बदल्यात काळ्याची फक्त तीन प्यादी पडली. तरीही २३ व्या चालीला काळ्या राजाला मात झाली. हरलेल्या किझरित्स्की यांनीच हा डाव आपल्या मासिकात छापला. १८५५ मध्ये अर्न्स्ट फाल्कबीअर यांनी त्याला ‘अमर’ हे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले.

शेवटच्या तीन चालींचे कोडे कसे सुटते?

पट समोर असेल तर मांडून पाहा. २० चाली झाल्या आहेत.

पांढरी मोहरी : राजा ई२, वजीर एफ३, उंट डी६, घोडे डी५ आणि एफ५, प्यादी ए२, सी२, डी३, ई५, जी४ आणि एच५.

काळी मोहरी : राजा ई८, वजीर ए१, हत्ती ए८ आणि एच८, उंट सी८ आणि जी१, घोडे ए६ आणि जी८, प्यादी ए७, बी५, डी७, एफ७, जी७ आणि एच७.

चाल पांढऱ्याची आहे आणि तीन चालींत मात करायची आहे.

काळ्याकडे कितीतरी जास्त मोहरी आहेत. पण त्याचा वजीर आणि एक उंट पांढऱ्याच्या बाजूला खूप आत जाऊन बसले आहेत. राजाजवळचे हत्ती आणि दुसरा उंट जागचे हललेलेच नाहीत. राजाच्या बचावाला खऱ्या अर्थाने फक्त दोन घोडे उरले आहेत. ए६ वरचा घोडा सी७ हे घर राखतो आणि जी८ वरचा घोडा ई७ हे घर राखतो.

पहिली चाल : एफ५ वरचा घोडा जी७ वरचे प्यादे मारून शह देतो. राजाला जायला डी८ हे एकच घर आहे, कारण ई७ आणि एफ८ ही घरे पांढऱ्या उंटाच्या माऱ्यात आहेत. आता उंट सी७ वर गेला असता तर मात झाली असती, पण तिथे ए६ वरच्या घोड्याचा पहारा आहे. मग उरते ई७.

दुसरी चाल : पांढरा वजीर एफ६ वर येऊन शह देतो. राजाला हलायला घर नाही. काळ्याने जी८ वरचा घोडा ई७ वर आडवा घातला तर उंट तो मारून लगेच मात करतो. म्हणून घोड्याने वजीर मारणेच भाग पडते. पण वजीर मारताना घोडा एफ६ वर येतो आणि ई७ वरचा त्याचा पहारा संपतो.

तिसरी चाल : पांढरा उंट ई७ वर जातो आणि मात होते. उंटाला डी५ वरच्या घोड्याचे संरक्षण आहे. तोच घोडा सी७ ची वाट अडवतो आणि जी७ वरचा घोडा ई८ ची. सी८ आणि डी७ या घरांत काळ्याचीच मोहरी बसली आहेत.

ई५ वरचे प्यादे इतके महत्त्वाचे का?

काळा वजीर ए१ वर आहे. तिथून निघणारी तिरपी रेषा थेट जी७ आणि एच८ पर्यंत जाते. ती मोकळी असती तर काळा वजीर लांबूनही जी७ आणि एफ६ या दोन्ही घरांवर नजर ठेवू शकला असता आणि वर सांगितलेले सगळे फसले असते. अँडरसन यांनी १९ व्या चालीला हे प्यादे ई५ वर सरकवून ती रेषाच बंद केली. या चालीत ना शह होता ना मारामारी. हत्ती मारले जात असताना त्यांनी ही शांत चाल खेळली.

अशा कोड्यांत बलिदान कोणते, हा प्रश्न दुसरा. मातीसाठी कोणते घर हवे आणि त्या घराचा राखणदार कोण, हा पहिला. राखणदार सापडला की त्याला तिथून खेचण्यासाठी काय द्यावे लागेल, हे आपोआप कळते.

मग ही शैली मागे का पडली?

१८५२ मध्ये बर्लिनमध्ये जाँ ड्युफ्रेन यांच्याविरुद्ध अँडरसन यांनी असाच आणखी एक डाव जिंकला. तो ‘सदाबहार डाव’ म्हणून ओळखला जातो. मात्र डिसेंबर १८५८ मध्ये नाताळच्या सुट्टीत ते पॅरिसला गेले आणि २१ वर्षांच्या अमेरिकन पॉल मॉर्फी यांच्याकडून स्पष्टपणे हरले. मॉर्फी यांनी सात डाव जिंकले, अँडरसन यांनी दोन आणि दोन बरोबरीत सुटले. मॉर्फीही बलिदान देत, पण आधी सगळी मोहरी बाहेर काढून मगच आक्रमण करत.

१८६६ मध्ये विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी त्यांना ८-६ असे हरवले. त्या लढतीत एकही डाव बरोबरीत सुटला नाही. स्वतः स्टाइनिट्झही तेव्हा आक्रमकच खेळत. पुढे १८७० च्या दशकात मात्र त्यांनी दाखवून दिले की प्रतिस्पर्ध्याच्या मांडणीत आधी कमजोरी नसेल तर आक्रमण यशस्वी होऊ नये. दिलेले मोहरे घ्यावे, शांतपणे बचाव करावा आणि मिळालेल्या जादा बळावर डाव जिंकावा, ही शिकवण रुजली. ‘अमर डाव’ही या तपासणीतून सुटला नाही. दोन्ही बाजूंना काही ठिकाणी अधिक चांगल्या चाली होत्या, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले.

पराभवांनंतर अँडरसन थांबले का?

नाही. १८६२ मध्ये त्यांनी लंडनची स्पर्धा पुन्हा जिंकली. १८६५ मध्ये ब्रेस्लाउ विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १८७० मध्ये बाडेन-बाडेनच्या स्पर्धेत, फ्रान्स आणि प्रशिया यांच्यातील युद्ध पेटलेले असताना, ५२ वर्षांचे अँडरसन स्टाइनिट्झ यांना मागे टाकून पहिले आले. ते खेळ शिकले त्याला ५० वर्षे झाल्याबद्दल १८७७ मध्ये लाइपझिगला खास स्पर्धा भरवण्यात आली. तिथेही ते संयुक्त दुसरे आले.

१३ मार्च १८७९ रोजी ब्रेस्लाउमध्येच त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत त्यांची कबर उद्ध्वस्त झाली. शहर पोलंडमध्ये गेल्यानंतर १९५७ मध्ये तिथल्या बुद्धिबळ संघटनेने त्यांचे अवशेष ओसोबोवित्से दफनभूमीत नव्या कबरीत हलवले.