ससा गेला, उंदीर अमर झाला

१९२८ च्या प्रारंभी वॉल्ट डिस्ने न्यूयॉर्कला गेले, ते रक्कम वाढवून मागण्यासाठी. ‘ओस्वाल्ड’ हा त्यांचा कार्टून ससा चित्रपटगृहांत गाजत होता. वितरक चार्ल्स मिंट्झ यांनी मात्र रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव पुढे केला. सशाचे हक्क करारानुसार युनिव्हर्सल कंपनीकडे होते आणि डिस्ने यांचे बहुतेक चित्रकार मिंट्झ यांनी आधीच फोडले होते. सव्वीस वर्षांचे डिस्ने रिकाम्या हातांनी कॅलिफोर्नियाला परतले. आपल्या पात्रांचे हक्क यापुढे दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचे नाहीत, हा धडा त्यांनी जन्मभर जपला.

अपयश त्यांना नवे नव्हते. ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत जन्मलेल्या वॉल्टचे बालपण काही काळ मिसुरी राज्यातील मार्सलिन येथील शेतावर गेले. पुढे कॅन्सस सिटीत वडिलांनी वृत्तपत्रे टाकण्याचे काम घेतले आणि पहाटेच्या अंधारात, बर्फ तुडवत घरोघरी अंक पोहोचवणे या लहानग्याच्या नशिबी आले. त्याच शहरात काढलेली त्यांची पहिली चित्रपट कंपनी १९२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. थोरले बंधू रॉय यांच्या साथीने हॉलिवूडमध्ये नवा संसार मांडला, तोच ओस्वाल्डचे हे प्रकरण घडले.

सशाच्या जागी उंदीर आला. मिकीची कल्पना डिस्ने यांची, पण त्याला कागदावर रूप दिले ते अब आयवर्क्स या एकनिष्ठ सहकाऱ्याने. श्रेयाच्या वाटणीत हे नाव नेहमीच मागे राहिले. मिकीच्या पहिल्या दोन मूकपटांना वितरक मिळाला नाही. तेव्हा तिसऱ्या, ‘स्टीमबोट विली’ला चित्राच्या तालावर ध्वनी जोडण्यात आला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये झळकला आणि प्रेक्षकांनी उंदराला डोक्यावर घेतले. पुढे अनेक वर्षे मिकीचा आवाज स्वतः डिस्ने यांचाच होता.

खरा जुगार खेळला गेला तो ‘स्नो व्हाइट’च्या वेळी. पूर्ण लांबीचे कार्टून लोक बसून पाहतील, यावर हॉलिवूडमध्ये कुणाचा विश्वास नव्हता. ‘डिस्नेचा वेडेपणा’ अशी त्याची कुचेष्टा झाली. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. त्यासाठी पेन्सिलीने काढलेले प्रत्येक चित्र पारदर्शक सेल्युलॉइडवर गिरवायचे, रंगवायचे आणि एकेक करून कॅमेऱ्यात टिपायचे, असे हे काम. गिरवण्याचे आणि रंगवण्याचे किचकट काम प्रामुख्याने स्त्रियांकडे होते. दृश्याला खोली यावी म्हणून निरनिराळ्या अंतरांवर काचा रचून चित्रीकरण करणारा खास कॅमेरा वापरला गेला. खर्च सुमारे १५ लाख डॉलरवर गेला, बँकेचे कर्ज वाढत राहिले. २१ डिसेंबर १९३७ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि टीकाकारांची तोंडे बंद झाली. ऑस्करचा विशेष सन्मानही आगळा होता. एक मोठी बाहुली आणि सोबत सात छोट्या!

या यशानंतरचा काळ मात्र कडवट ठरला. महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ आटली, ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ तोट्यात गेले. त्यातच तुटपुंजे व असमान वेतन, श्रेयनामावलीतील वगळणूक आणि संघटनेला असलेला मालकाचा विरोध यांमुळे २९ मे १९४१ रोजी शेकडो कलावंत संपावर गेले. स्वतःला कुटुंबप्रमुख मानणाऱ्या डिस्ने यांना तो विश्वासघात वाटला. १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी संपाशी संबंधित काही जणांवर कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवला. त्यांच्या चरित्रातील हा डाग पुसता येत नाही.

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘डिस्नेलँड’ उभे राहिले. त्यानंतरच्याच वर्षी, १९५६ मध्ये, डिस्ने स्टुडिओतील अनुभवी चित्रकार क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रशिक्षणासाठी आले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते. भारतीय अ‍ॅनिमेशनचा पाया ज्यांनी घातला, त्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. जातककथेवरील ‘बनियन डिअर’ हा १९५७ चा लघुपट याच उपक्रमाचे फलित.

आयुष्यभर धूम्रपान केलेल्या डिस्ने यांचे १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले. ‘द जंगल बुक’ पडद्यावर आलेला त्यांना पाहता आला नाही. ओस्वाल्ड ससा डिस्ने कंपनीकडे परत आला तो २००६ मध्ये, एका क्रीडा समालोचकाच्या बदल्यात.