केप्लरची पत्रिका



आजचा श्लोक गीतेच्या १८ व्या अध्यायातला १४ वा. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना तऱ्हेच्या चेष्टा, आणि पाचवं दैव. मी दरवेळी या पाचव्यावरच अडकतो. दैव नाही असं भगवंत म्हणत नाहीत. पण पाचातलं एक, तेही शेवटी!

मागच्या वर्षी बाबांची बायपास ठरली तेव्हा मला बाकीची चार कारणं दिसतच नव्हती. रात्री दोन वाजता मोबाइलवर त्यांची पत्रिका उघडून बसायचो. तीन ज्योतिषांना विचारलं, तिघांनी तीन वेगळ्या तारखा सांगितल्या. मग मी चौथा शोधायला लागलो. त्याच दिवसांत योहानेस केप्लरचं चरित्र वाचनात आलं. कीर्तनात उत्तररंगाला आख्यान लागतं ना, तसं आज त्याचं आख्यान लावतो. माणूस जर्मन, धर्माने ल्यूथरपंथी ख्रिस्ती, पण आजच्या श्लोकाला फार जवळचा.

ग्रहांच्या गतीचे तीन नियम आपण ११ वीत पाठ केले, तोच हा केप्लर. पण तो पोटासाठी पत्रिका मांडायचा, हे आपल्या पुस्तकात नव्हतं. जन्म २७ डिसेंबर १५७१, वाइल डेर श्टाट या छोट्या गावात, दुपारी अडीच वाजता. त्याने स्वतःची पत्रिका मांडली ती जन्मवेळेवर थांबून नाही. आईच्या पोटात आपण किती काळ होतो, तेही काढलं. २२४ दिवस, ९ तास, ५३ मिनिटं! आपल्याकडचे जन्मवेळ शुद्ध करून देणारेसुद्धा हात टेकतील.

पंचविशीत त्याने घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका लिहून काढल्या. वाचताना अंगावर येतं. बाप भांडखोर आणि दुष्ट. आई काथारिना बुटकी, काळसर, चहाडखोर, कटकटी. सगळ्याला ग्रह जबाबदार. स्वतःलाही त्याने सोडलं नाही. आपण घरातल्या लाडावलेल्या कुत्र्यासारखे आहोत, मालकांची मर्जी राखतो आणि इतरांवर गुरगुरतो, असं काहीसं लिहून ठेवलं. बाप खरंच घर सोडून गेला होता, परत आला नाही. असं लहानपण काढलेला मुलगा आकाशात कारणं शोधतो, यात मला नवल वाटत नाही. कारण सापडलं की निदान आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं.

त्याला खरं तर धर्मोपदेशक व्हायचं होतं. ट्युबिंगेनला तो धर्मशास्त्रच शिकत होता. ते पूर्ण होण्याआधीच १५९४ मध्ये त्याला ग्रात्स गावी गणित शिकवायला पाठवलं. जायचं नव्हतं, तरी गेला. नोकरीचा एक भाग म्हणून दरवर्षी पंचांग काढायचं होतं. पहिल्याच पंचांगात त्याने कडाक्याची थंडी आणि तुर्कांची स्वारी वर्तवली, आणि दोन्ही खरं झालं. गावात नाव झालं! त्याला स्वतःला मात्र या नावाचं फार कौतुक नव्हतं. ज्योतिष ही खुळी मुलगी, पण तिच्या कमाईवर खगोलशास्त्र या शहाण्या आईचं पोट भरतं, अशा अर्थाचं त्याने पुढे लिहिलं.

१६०० मध्ये धर्म बदलायला नकार दिला म्हणून ग्रात्समधून हाकललं गेलं. तो प्रागला ट्युको ब्राहेकडे गेला. ट्युकोकडे दुर्बिणीच्या आधीच्या काळातली जगातली सगळ्यात अचूक निरीक्षणं होती. त्याने केप्लरला मंगळ दिला. (कडक मंगळ म्हणजे काय ते केप्लरला विचारा.) आठ दिवसांत सोडवतो, अशी केप्लरने पैज मारली होती म्हणतात. लागली पाचएक वर्षं. पुढच्याच वर्षी, १६०१ मध्ये, ट्युको वारला आणि ती निरीक्षणं केप्लरच्या हाती आली.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मी दिवसभर डेटा घेऊनच बसतो. दोन हजार वर्षं सगळ्यांनी धरून चाललं होतं की आकाशातली गती वर्तुळाची. वर्तुळ परिपूर्ण, देवाला शोभणारं. केप्लरचाही तोच विश्वास. सगळं हाताने, लॉगरिदमसुद्धा तेव्हा नव्हते, आणि तोच हिशेब त्याने निदान सत्तर वेळा केला. शेवटी असं मॉडेल बसलं की मंगळाची दिशा २ कलांच्या आत जुळायला लागली. आमच्याकडे एवढ्यावर रिलीज करून पार्टी झाली असती. त्याने मात्र आणखी काही निरीक्षणं लावून पाहिली. ८ कलांची चूक निघाली. ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण चौथा भाग. जुन्या ज्योतिर्विदांनी एवढी चूक सहज पोटात घातली असती. कामात असे दोन-चार पॉइंट मी स्वतः नॉइज म्हणून उडवलेत, खोटं कशाला बोलू.

केप्लरने ते ८ कलांचं अंतर उडवलं नाही. देवाने ट्युकोसारखा निरीक्षक आपल्याला दिला, ही देणगी आहे, तिचा मान राखायलाच हवा, असं त्याने मानलं. बघा, तो हट्टाने सत्य शोधत नव्हता, कृतज्ञतेने शोधत होता. त्या कृतज्ञतेपायी त्याने वर्तुळ सोडलं. आधी अंड्यासारखा आकार करून पाहिला, फसला, आणि १६०५ मध्ये लंबवर्तुळापाशी आला. पुस्तक निघालं १६०९ मध्ये.

पुढची वर्षं वाईट गेली. १६११ मध्ये सहा वर्षांचा मुलगा देवीने गेला, त्याच वर्षी बायको गेली. लिंत्सला आला तर स्वतःच्याच पंथाच्या पाद्र्याने पंगतीबाहेर काढावं तसा प्रसाद नाकारला. दुसऱ्या लग्नासाठी ११ मुली पाहिल्या आणि प्रत्येकीच्या गुणदोषांचा हिशेब मांडत बसला. (हे वाचून आमच्याकडची मॅट्रिमोनी साइट आठवली.) शेवटी हिशेब बाजूला ठेवून अनाथ सुझानाशी लग्न केलं. संसार चांगला झाला.

आणि मग आई. १६१५ मध्ये गावातल्या एका बाईने काथारिनावर आरोप केला, हिने दिलेल्या कडू पेयामुळे मी आजारी पडले, ही चेटकीण आहे. त्या काळात अशा आरोपाचा शेवट बहुतेकदा चितेवर व्हायचा. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या म्हातारीला पकडलं, साखळदंड घातले. केप्लर सम्राटाचा गणिती होता. काम आणि बायकामुलं मागे ठेवून तो आईसाठी गेला आणि महिनोन् महिने तिथेच राहिला. ज्या आईचा स्वभाव त्याने पंचविशीत ग्रहांवरून चार शब्दांत निकालात काढला होता, तिच्या बाजूने आता तो एकेक साक्ष तपासत होता. कोण कधी आजारी पडलं, त्याचं साधं नैसर्गिक कारण काय, साक्षीदार कुठे फिरला. मंगळाला लावली तीच चिकाटी. शेवटी तिला छळाची हत्यारं दाखवून घाबरवलं, तरी ती बधली नाही. १४ महिन्यांनी सुटली. सहा महिन्यांत गेली.

या खटल्याच्या धामधुमीतच, १६१९ मध्ये, त्याचा विश्वाच्या सुसंवादावरचा ग्रंथ आला. त्यात तो आपल्या पत्रिकेकडे परत वळतो. बुध सप्तमात, मंगळाशी केंद्रयोग, हे सगळं ठीक आहे. पण माझे खरे ग्रह हे नव्हेत, माझे ग्रह कोपर्निकस आणि ट्युको ब्राहे, त्यांच्याशिवाय मी अंधारातच राहिलो असतो, असा त्याचा भाव. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसून होतो. पत्रिका त्याने फाडली नाही. ग्रहांचा जन्मावर ठसा उमटतो, असं तो शेवटपर्यंत मानत आला. पण त्या ग्रहांच्या जागी त्याने गुरू ठेवले.

सेनापती वालेनश्टाइनला मात्र पत्रिकेतून तारीखवार घटना हव्या होत्या. केप्लरने त्याला जवळजवळ दटावलंच, सगळं ताऱ्यांवरून ठरवायला जाऊ नका म्हणून. केप्लरचं भाकीत मार्च १६३४ पर्यंतच होतं आणि वालेनश्टाइनचा खून फेब्रुवारी १६३४ मध्ये झाला, याची लोक फार चर्चा करतात. मला त्यापेक्षा ती दटावणी मोलाची वाटते.

केप्लर १५ नोव्हेंबर १६३० ला रेगेन्सबुर्गला वारला, थकलेला पगार मागायला गेला असताना. लढाईत त्याची कबरही नाहीशी झाली. त्याने मांडलेल्या ८०० हून जास्त पत्रिका मात्र आजही जपून ठेवलेल्या आहेत.

बाबांचं ऑपरेशन सर्जनने दिलेल्या तारखेलाच झालं. अमावास्या होती. आई काही बोलली नाही, मीही नाही. आम्ही दोघं थिएटरच्या बाहेर बाकावर बसून विष्णुसहस्रनाम म्हणत होतो आणि मोबाइल आईच्या पर्समध्ये होता.

उद्या श्लोक १५.

राम कृष्ण हरी.