पंडिता रमाबाई : मागे राहिलेल्या लेकरांच्या शिक्षिका

जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांत खेडोपाडी सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंपुढे एक प्रश्न वरचेवर उभा राहतो. एखादे मूल सुगीच्या दिवसांत आईबापांबरोबर शेतावर राहते, किंवा दुखण्याने महिनाभर अंथरुणास खिळते, आणि परत शाळेत गेले म्हणजे पुढचा धडा त्यास मुळीच समजत नाही. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर अशी कितीतरी मुले एकदम मागे पडली. अशा मुलास मठ्ठ ठरवून मोकळे होणे फार सोपे असते. परंतु ते मूल खरोखर मंदबुद्धीचे असते काय? आपल्याच पुणे जिल्ह्यात आयुष्याचा उत्तरार्ध घालविलेल्या एका थोर बाईंच्या चरित्रात ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणून ते चरित्र आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवितो.

पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळी दंडक असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस ती भाषा शिकविली, आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या मुलीस शिकविली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. त्यामुळे रमाबाईंस शाळा अशी कधी मिळालीच नाही. आई म्हणे आणि मुलगी मागून म्हणे, असे त्यांचे शिक्षण चालले, आणि हजारो श्लोक त्यांस मुखोद्गत झाले.

पुढे १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला आणि ह्या विद्येची कठोर परीक्षा झाली. घरात सर्वांस शास्त्रे पाठ होती, पण हातांनी करून चार पैसे मिळवावे असे एकही काम कोणास येत नव्हते. मजुरी करणे कमीपणाचे वाटे, आणि भीक मागण्याची लाज वाटे. होते नव्हते ते सर्व विकून झाल्यावर उपासमार आली. प्रथम वडील, मग आई आणि पाठोपाठ थोरली बहीण अशी तिघे थोड्याच काळात देवाघरी गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री हे दोघेच उरले आणि हजारो मैल पायी फिरत राहिले. ज्या विद्येला हात नाहीत ती संकटात पोट भरू शकत नाही, हा धडा रमाबाई जन्मात विसरल्या नाहीत. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ येथेच आहे, असे आम्हांस वाटते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले, त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ साली पतीही वारले. तान्ही मनोरमा तेवढी पदरी राहिली. मग त्या पुण्यास आल्या, आणि १८८३ साली वैद्यकी शिकावी ह्या हेतूने इंग्लंडास गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो हेतू सिद्धीस गेला नाही. परंतु त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह ख्रिस्ताचा बाप्तिस्मा घेतला.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी गेल्या. तेथे त्यांस एक नवीच विद्या दृष्टीस पडली. फ्रीड्रिख फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने बालकांसाठी किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, ह्या नावाची शाळा काढिली होती. १८५२ साली तो वारला, पण त्याची पद्धत देशोदेशी पसरली. ह्या शाळेत मुलांच्या हाती प्रथम पुस्तक देत नसत. रंगीत लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा व घन, मोडून आठ तुकडे होणारा ठोकळा, कागदाच्या घड्या, ओली माती, काड्या अशी साधने देत. त्या ठोकळ्याचे दोन भाग केले म्हणजे अर्धा, चार केले म्हणजे पाव, आणि आठ केले म्हणजे अदपाव, हे मुलाच्या बोटांस आधी कळे आणि मग डोक्यास कळे. त्याखेरीज गाण्यांसह खेळ असत. मुले कधी घरट्यातील पाखरे होत, कधी गवत कापणारा शेतकरी, तर कधी सुतार होत. सोंग घेता घेता त्यांस शब्द, मोजणी व कामाचा क्रम ही सर्व येत असत.

पाठांतराच्या विद्येत वाढलेल्या ह्या पंडितेने त्या लहान मुलांच्या विद्येचा वर्गात बसून अभ्यास केला, आणि आपल्या देशातील मुलींसाठी मराठी शालेय पुस्तके लिहिण्यास घेतली. लोकांनी जिला सरस्वती म्हटले तिला माती व कागद घेऊन शिकण्यात कमीपणा वाटला नाही, हे शिक्षकाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

स्वदेशी परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडिले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. तेथे ह्या पद्धतीस त्यांनी स्थान दिले. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाच्या एक बालविधवा होत्या. ऐन शिक्षणाचे वय निघून गेल्यावर त्या शिकावयास बसल्या, पण मागे राहिल्या नाहीत. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई कर्वे ह्या नावाने त्यांनी पुढे समाजाची मोठी सेवा केली. त्याच वर्षी मुलींस ख्रिस्ती करितात असा आरोप होऊन सदनावर वादळ आले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, पण काम थांबले नाही.

खरी कसोटी अजून पुढेच होती. १८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंस आपले बालपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाच्या साथीमुळे त्यांस ठेवण्यास बंदी झाली, तेव्हा रेल्वेमार्गावरील केडगाव येथे आधी घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांस नेले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तर तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली. ह्या मुली हाडांचा सापळा होऊन आल्या होत्या. कित्येकींनी पाटी कधी पाहिली नव्हती, आणि कित्येकींचे अक्षरे गिरविण्याचे वय केव्हाच टळून गेले होते. त्यांस नेहमीच्या वर्गात बसविले असते तर त्या लाजेनेच गप्प झाल्या असत्या.

रमाबाईंनी तसे केले नाही. लहानग्यांसाठी बालोद्यानाचा वर्ग ठेविला, आणि मोठ्या मुलींच्या हाती पुस्तकाबरोबर कामही दिले. शेती, विणकाम, शिवण, दुग्धालय, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे तेथे चालत. जी विणकाम करिते तिला धागे मोजावे लागतात, आणि जी छापखान्यात खिळे जुळविते तिला प्रत्येक अक्षर उलटसुलट ओळखावे लागते. आधी आलेल्या मुली शिकून पुढे मागाहून आलेल्यांच्या शिक्षिका व सांभाळ करणाऱ्या झाल्या. अंध स्त्रियांस बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविली गेली. रमाबाईंनी पुष्कळ वर्षे खपून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, तेही ह्याच स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. दुष्काळाने ज्यांस टाकून दिले होते त्यांच्या बोटांनी देवाचे वचन जुळविले, ह्याहून मोठी साक्ष कोणती असू शकेल?

१९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशनचे काम केडगावी आजही चालू आहे.

आता आपण काय घ्यावे? आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे गाव. गरिबीमुळे ते मुंबईस गिरणीकामास गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाची मोटार अडविताना त्यांनी प्राण दिला. गरिबाघरच्या मुलाच्या अंगी किती मोठे सत्त्व असू शकते हे ह्या गावास सांगावयास नको. तर मग आपल्या वस्तीतील मागे पडलेल्या मुलास नालायक कोणी समजू नये.

उपदेशक बंधूंनी शब्बाथशाळेत किंवा सायंकाळी मुलांचा बाजार मांडावा. चिंचोके हे रुपये व्हावे, कागदाच्या पुड्या हा माल व्हावा, आणि जो मुलगा वजाबाकीस भितो त्यालाच दुकानदार करावे. उरलेली मोड परत देता देता तो वजाबाकी शिकेल. जी मुलगी वाचताना अडखळते तिला हरवलेले नाणे शोधणाऱ्या बाईचे सोंग द्यावे, म्हणजे आपले बोलणे नीट यावे म्हणून ती तो उतारा पुन्हा पुन्हा वाचील. एका डब्यात बी पेरून रोपाची उंची रोज मोजून लिहावी. मोठ्या मुलास लहानांच्या रांगेत बसवून लाजवू नये, उलट लहानांस दाखविण्याचे काम त्यास द्यावे. ह्यास पैसा लागत नाही, धीर मात्र लागतो.

आपल्या प्रभूनेही असेच शिकविले. त्याने बी, खमीर व जाळे दाखविले, बालकास मध्ये उभे केले, आणि नम्रता शिकविताना कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. वल्हांडणाचे भोजनही इस्राएल लोकांनी कमरा बांधून, हाती काठी घेऊन करावयाचे होते, ते पाहून मुलांनी प्रश्न विचारावा म्हणून. जो देव आपल्या लेकरांस इतक्या धीराने शिकवितो तो आपणांसही मागे राहिलेल्या लहानग्यांचा हात धरून चालण्याची बुद्धी देवो.